आमच्या फेऱ्या 'इतर' नाहीत

शहर नियोजनाचा कोणताही अहवाल उघडा, पहिल्या काही पानांतच 'समन्वय' हा शब्द भेटतो. रेल्वे आणि बस यांचा समन्वय, महापालिका आणि नगरपालिका यांचा समन्वय, वाहतूक आणि जमीन वापर यांचा समन्वय. शब्द गोड आहे. समन्वयाला विरोध कोण करणार? पण या शब्दाला एक साधा प्रश्न विचारायला हवा : हा समन्वय कोणाकोणात, आणि कोणाच्या सोयीसाठी?

कारण शासनाच्या पातळीवर जो समन्वय होत नाही, तो शेवटी घराघरातली बाई करते. घर एकीकडे, काम दुसरीकडे, मुलांची शाळा तिसरीकडे, दवाखाना चौथीकडे. या चारांना जोडणारी बस नसते, तेव्हा पहाटे उठून, दोन वाहने बदलून, मधला टप्पा पायी तुडवून हे सगळे सांधण्याचे काम तिच्याकडे येते. या कामाला मजुरी नाही आणि त्याची नोंदही नाही. नियोजनकारांनी जो तास वाचवला, तो तिच्या झोपेतून वजा होतो.

मुंबई महानगर प्रदेशापुरते बोलायचे तर माझे म्हणणे थोडक्यात असे : घरे कुठे बांधायची आणि गाडी कुठून न्यायची हे ठरवणे ही इंजिनिअरांची खाजगी बाब नाही. ती स्त्रियांच्या वेळेची आणि मजुरीची वाटणी आहे. ही वाटणी जिथे व्हायला हवी ती जागा आपल्या राज्यघटनेने निवडून आलेल्या स्थानिक प्रतिनिधींना दिली आहे. त्या प्रतिनिधींमध्ये महाराष्ट्रात निम्म्या स्त्रिया आहेत. तरीही ती जागा निर्जीव ठेवली गेली आहे. स्त्री संघटनांनी ती जागा मागितली पाहिजे.

एक प्रदेश, अनेक मालक

मुंबई महानगर प्रदेशात आज नऊ महापालिका आहेत : बृहन्मुंबई, ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, उल्हासनगर, भिवंडी-निजामपूर, मीरा-भाईंदर, वसई-विरार आणि २०१६ साली झालेली पनवेल. शिवाय नगरपालिका आहेत आणि ठाणे, रायगड, पालघर जिल्ह्यांतली शेकडो गावे आहेत. पूर्वी ४,३५५ चौरस किलोमीटरचा असलेला हा प्रदेश २०१९ साली वाढवून सुमारे ६,३०० चौरस किलोमीटरचा करण्यात आला.

बाईचा दिवस या हद्दी ओळखत नाही. दिव्यात राहणारी बाई ठाण्यात धुणीभांडी करते, नालासोपाऱ्याची बाई अंधेरीच्या कारखान्यात जाते, पनवेलची परिचारिका परळच्या रुग्णालयात. कारभार मात्र तुकड्यातुकड्यांत आहे. लोकल केंद्र सरकारच्या रेल्वेची. लोकलचे नवे मार्ग १९९९ साली स्थापन झालेल्या रेल्वे विकास महामंडळाकडे. मुंबईची बस बेस्टची, ठाण्याची ठाणे परिवहनची, नवी मुंबईची तिथल्या महापालिकेची, कल्याण-डोंबिवलीची आणखी तिसऱ्याच उपक्रमाची. नवी मुंबईची जमीन सिडकोच्या हातात, १९७० पासून. मेट्रो, उड्डाणपूल आणि वांद्रे-कुर्ला संकुल महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे. प्रत्येकाचा नकाशा वेगळा, तिजोरी वेगळी, आणि काल-परवापर्यंत तिकीटही वेगळे.

हे प्राधिकरण १९७५ साली स्थापन झाले ते नेमके या तुकड्यांना जोडण्यासाठी. सगळ्या प्रदेशाचा एकत्र विचार करावा आणि स्थानिक संस्थांमध्ये मेळ घालावा, हे त्याचे काम. पुढे झाले असे की मेळ घालणारी संस्था स्वतःच मोठी बांधकाम संस्था बनली. जमीन विकायची, पूल बांधायचे, मेट्रो उभारायची. जो स्वतः मोठा कंत्राट देणारा आहे, तो तटस्थपणे विचारणार कसा, की इथे पूल हवा की शंभर बसगाड्या?

वाहतुकीसाठी एकत्रित प्राधिकरण २००८ साली एका शासन निर्णयाने निर्माण झाले. त्यात सगळ्या खात्यांचे अधिकारी बसणार होते. पण त्यामागे कायद्याचे बळ दिले नाही, स्वतंत्र निधी दिला नाही. ज्याच्या हातात ना पैसा ना अधिकार, त्याच्या बैठकीला कोण कशाला जुमानेल?

घटना काय सांगते

१ जून १९९३ रोजी ७४ वी घटनादुरुस्ती अमलात आली. स्त्रियांना नगरपालिकांत एक तृतीयांश राखीव जागा मिळाल्या म्हणून आपण ती ओळखतो. महाराष्ट्रात त्याआधी १९९० सालीच ३० टक्के जागा राखीव झाल्या होत्या आणि २०११ साली त्या ५० टक्के झाल्या. पण त्याच घटनादुरुस्तीत कलम २४३ झेडई हे आणखी एक कलम होते, ज्याकडे आपले लक्ष फारसे गेले नाही. दहा लाख किंवा त्याहून अधिक लोकवस्तीच्या प्रत्येक महानगर क्षेत्रासाठी एक महानगर नियोजन समिती असली पाहिजे, असे ते सांगते. या समितीचे निदान दोन तृतीयांश सदस्य त्या क्षेत्रातल्या नगरपालिकांचे निवडून आलेले सदस्य आणि पंचायतींचे अध्यक्ष यांनी आपल्यातून निवडायचे आहेत. समितीने महानगराचा विकास आराखडा तयार करायचा आहे, आणि तो करताना जागेच्या वापराचे एकत्रित नियोजन, पाण्याची वाटणी, पायाभूत सोयी आणि पर्यावरण हे सगळे पालिका व पंचायतींच्या सामाईक हिताचे प्रश्न म्हणून पाहायचे आहेत.

म्हणजे वाहतूक आणि जमीन वापर यांचा समन्वय कोणी करायचा याचे उत्तर घटनेने दिलेले आहे : स्थानिक संस्थांनी, एकत्र बसून, निवडून आलेल्या प्रतिनिधींमार्फत.

घडले काय? महाराष्ट्राने त्यासाठीचा कायदा १९९९ साली केला. प्रत्यक्ष समिती उभी राहायला त्यानंतरही बरीच वर्षे गेली. समितीकडे स्वतःचे तज्ज्ञ नाहीत, स्वतःचा निधी नाही. २०१६ ते २०३६ या काळाचा प्रादेशिक आराखडा तयार केला तो प्राधिकरणाच्या कार्यालयाने, आणि राज्य शासनाने त्याला २०२१ साली मंजुरी दिली. त्या वेळी आपल्या नगरसेविका कुठे होत्या? नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली आणि वसई-विरार महापालिकांची मुदत २०२० सालीच संपली होती. २०२२ साली मुंबई, ठाणे आणि उरलेल्यांचीही संपली. निवडणुका लांबत गेल्या आणि जानेवारी २०२६ पर्यंत कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. ५० टक्के आरक्षण कागदावर होते, सभागृहाला मात्र कुलूप होते. ज्या समितीचे दोन तृतीयांश सदस्य निवडून आलेल्यांमधून यायचे, ती समिती अशा वेळी कशाच्या आधारावर उभी राहणार?

याच काळात मेट्रोचे मार्ग, समुद्रावरचा पूल, किनारी रस्ता, नव्या नगराची अधिसूचना हे सारे वेगाने पुढे गेले. याला योगायोग म्हणणे भोळेपणाचे होईल.

आधी इमारती, मग गाडी

जमिनीचा वापर आणि वाहतूक यांचे नाते समजायला अवघड नाही. जिथे गाडी पोचते तिथली जमीन महाग होते. जमीन महाग झाली की तिथली गरीब माणसे दूर जातात. दूर गेली की त्यांना गाडीची गरज अधिक, आणि तिथे गाडी नसते.

वांद्रे-कुर्ला संकुलाचे उदाहरण घ्या. १९७७ साली ते प्राधिकरणाच्या ताब्यात आले. दक्षिण मुंबईतली गर्दी कमी करण्यासाठी इथे कार्यालये आणायची, हा हेतू चांगला होता. कार्यालये आली, बँका आल्या, जमिनीला सोन्याचा भाव आला. संकुलाच्या आत रेल्वेगाडी मात्र आली ती ऑक्टोबर २०२४ मध्ये, भुयारी मेट्रोच्या रूपाने. मधली ४७ वर्षे साहेब मोटारीने आले, आणि कचेऱ्या झाडणाऱ्या, उपाहारगृहांत भांडी घासणाऱ्या, रात्रपाळीनंतर घरी जाणाऱ्या बायका वांद्रे आणि कुर्ला स्थानकांवरून शेअर रिक्षात कोंबून नाहीतर पायी आल्या. जमीन विकण्याचे वेळापत्रक होते, बाईला तिथे पोचवण्याचे वेळापत्रक नव्हते.

गिरणगावात हेच उलट्या दिशेने झाले. तिथे चाळ आणि गिरणी यांच्यात चालत जाण्याइतकेच अंतर होते. काम, बाजार, शाळा, माणसे सगळे हाकेच्या अंतरावर. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने त्या जमिनींच्या विकासाची वाट उघडली आणि २००१ च्या दुरुस्तीने सार्वजनिक वापराला मिळणारा वाटा आकसून टाकला. आज तिथल्या मनोऱ्यांमध्ये घरकाम करणाऱ्या बायका उपनगरांच्या टोकावरून लोकलने येतात. या गर्दीला 'लोकसंख्येचा स्फोट' म्हणायची सवय आपल्याला लावली गेली आहे. प्रत्यक्षात ही गर्दी जमिनीच्या धोरणातून तयार झाली. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ खचाखच भरलेल्या लोकलमधून प्रवासी खाली पडले आणि त्यातले काही दगावले. चर्चा झाली ती बंद दारांच्या डब्यांची. एवढी माणसे दिवा, मुंब्रा, कळव्यापलीकडे का राहतात आणि त्यांचे काम इतके दूर का, याची चर्चा झाली नाही.

आता समुद्रापलीकडे पाहा. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी ते न्हावाशेवा हा सुमारे २२ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. त्याच वर्षी उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांसाठी, म्हणजे सुमारे ३२३ चौरस किलोमीटर क्षेत्रासाठी, प्राधिकरणाला नवनगर विकासाचे अधिकार देण्यात आले. लोक त्याला तिसरी मुंबई म्हणतात. आधी पूल, मग पुलाने महाग केलेल्या जमिनीवर नगर. या तालुक्यांना हा अनुभव नवा नाही. सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध जानेवारी १९८४ मध्ये उरणच्या शेतकऱ्यांनी लढा दिला, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. पण जमीन जिच्या हातांनी लावली जाते, जी मिठागरात आणि खाडीत राबते, तिचे नाव सातबाऱ्यावर किती ठिकाणी असते? मोबदला आणि भूखंड नावावर मिळतात, श्रमावर नाही. नव्या नगराच्या चर्चेत स्त्री संघटनांनी पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे.

घर दिले, बस दिली नाही

जमीन आणि वाहतूक एकमेकांपासून तोडली की काय होते, हे सर्वांत स्पष्ट दिसते ते पुनर्वसन वसाहतींत. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाला २००२ साली जागतिक बँकेचे कर्ज मिळाले. रेल्वेमार्ग आणि रस्ते रुंद करण्यासाठी जवळजवळ १ लाख २० हजार माणसे हलवावी लागणार होती. त्यांना वाशी नाका, मानखुर्दचे लल्लूभाई कंपाउंड अशा वसाहतींत २२५ चौरस फुटांची घरे मिळाली. झोपडीऐवजी पक्के घर मिळणे ही मोठी गोष्ट आहे, आणि त्यासाठी वस्त्यांतल्या बायकांनी बचतगट बांधून, याद्या करून पुष्कळ काम केले. ते नाकारण्याचे कारण नाही. पण अनेक बाधितांनी बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रारी केल्या. मंडळाच्या २००५ च्या अहवालात पुनर्वसनातल्या गंभीर त्रुटी नोंदल्या गेल्या. मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसन या भागांचा निधी काही महिने थांबवला.

गंमत पाहा. प्रकल्प होता वाहतुकीचा. त्या प्रकल्पाने ज्यांना हलवले त्यांचीच वाहतूक तुटली. अशा वसाहतीत काम करणाऱ्या कोणत्याही कार्यकर्तीला विचारा, ती हेच सांगेल : नवरा पूर्वीच्याच कामावर जातो, एक तास अधिक लागतो एवढेच. बाईचे काम मात्र सुटते. कारण तिचे काम म्हणजे चार घरांची धुणीभांडी, आणि ती चार घरे जुन्या झोपडीपासून दहा मिनिटांवर होती. सकाळी दोन घरे, मध्ये येऊन मुलाला शाळेत सोडणे, पाणी भरणे, पुन्हा दोन घरे. हे गणित चालण्याच्या अंतरावरच जमते. दोन बस बदलून आणि रोजचे भाडे भरून ते जमत नाही. बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या बाईचेही तेच. तिचे गिऱ्हाईक तिच्याबरोबर स्थलांतर करत नाही. अधिकाऱ्यांच्या नोंदवहीत कुटुंबाचे पुनर्वसन 'पूर्ण' होते, आणि त्याच दिवशी घरातली कमावती बाई बेरोजगार होते. मुलीची शाळा दूर गेली की पहिली शाळा सुटते ती मुलीची.

माहूलची गोष्ट याहून भयंकर. तानसा जलवाहिनीलगतच्या वस्त्या २०१७ पासून तोडून लोकांना माहूलला, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी पाठवले गेले. हवा विषारी, रुग्णालय लांब, स्थानक लांब. लोकांनी, आणि त्यात बायकांनी पुढे राहून, लढा दिला. २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाने तिथे राहण्याची सक्ती नाकारली आणि दुसरे घर देईपर्यंत दरमहा १५ हजार रुपये भाडे द्या असे सांगितले. घर म्हणजे चार भिंती नव्हेत, हे न्यायालयाला सांगावे लागते, कारण नियोजनाच्या नकाशात घर हा एक ठिपका असतो आणि त्या ठिपक्यातून बाहेर पडणारी बाई नकाशात नसते.

मोजणीतली बाई

ती का नसते? कारण तिची मोजणीच तशी होते. वाहतुकीचा आराखडा करताना घराघरांत पाहणी केली जाते : कोण कुठून कुठे, किती वाजता, कशाने गेले. उत्तर देतो बहुधा घरातला कर्ता पुरुष. मग फेऱ्यांची वर्गवारी होते. घर ते काम, घर ते शिक्षण, आणि उरलेल्या सगळ्या 'इतर'. दळण, रेशन, दवाखाना, अंगणवाडी, सासूला तपासायला नेणे, शाळेतली सभा, आणि या सगळ्यांच्या मध्ये दोन तासांचे घरकाम. बाईचा दिवस म्हणजे साखळी आहे, एका फेरीत चार कामे. मोजणीत ती साखळी तुटते आणि तिचे तुकडे 'इतर'च्या रकान्यात पडतात. रस्ता किती रुंद हवा, गाडी किती हवी हे ठरते सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळेवर. दुपारी दोनला बससाठी चाळीस मिनिटे उभी असलेली बाई त्या हिशेबात नाही.

तरीही जे आकडे आहेत ते पुरेसे बोलके आहेत. २००५ ते २००८ या काळात प्राधिकरणाने केलेल्या सर्वंकष वाहतूक अभ्यासातच दिसले होते की या प्रदेशातल्या निम्म्याहून अधिक फेऱ्या केवळ पायी होतात. २०११ च्या जनगणनेच्या आधारे काढलेल्या अंदाजानुसार देशभरात स्त्रियांच्या कामावर जाण्याच्या फेऱ्यांपैकी सुमारे ८४ टक्के पायी, सायकलने, सार्वजनिक वाहनाने किंवा रिक्षासारख्या वाहनाने होतात. जागतिक बँकेच्या मदतीने २०१९ साली मुंबईत ६,०४८ जणांची पाहणी झाली. २००४ शी तुलना करता पुरुष कामावर जाण्यासाठी दुचाकीकडे वळले होते, आणि बायका रिक्षा-टॅक्सीकडे, जी दर फेरीला अधिक महाग पडते. म्हणजे बस कमी झाली की पुरुष स्वतःचे वाहन घेतो, आणि बाई आपल्या तुटपुंज्या मजुरीतून जास्त भाडे देते.

पैसा कुठे जातो

आता याच्या शेजारी खर्च ठेवा. अटल सेतूला सुमारे १७ हजार ८०० कोटी रुपये लागले. त्यावर दुचाकी चालत नाही, रिक्षा चालत नाही, पायी जाता येत नाही. मोटारीला एका फेरीचा २५० रुपये पथकर ठरला. पूल नको असे मी म्हणत नाही. त्याच काळात बसचे काय झाले ते विचारा. बेस्टकडे साधारण दीड दशकापूर्वी चार हजारांहून अधिक गाड्या होत्या. २०२५ पर्यंत त्या तीन हजारांच्या खाली आल्या, आणि त्यांतल्याही बहुतेक कंत्राटदाराच्या. जुलै २०१९ मध्ये पाच रुपये केलेले किमान भाडे मे २०२५ मध्ये दहा रुपये झाले, एकदम दुप्पट. पुलाला तोटा झाला तर त्याला 'गुंतवणूक' म्हणतात. बसला तोटा झाला तर ती 'पांढरा हत्ती' ठरते. हा भेद हिशेबनीसाचा नाही. कोणाचा वेळ मोलाचा आणि कोणाचा फुकट, याचा तो निकाल आहे.

'हा आपला विषय नव्हे'

मैत्रिणींनो, संघटनांच्या बैठकीत हा विषय काढला की तीन आक्षेप येतात.

पहिला : आपला विषय सुरक्षितता. छेडछाड थांबली पाहिजे, दिवे हवेत, महिला डबा हवा. निश्चित हवा. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली मार्गावर पहिली महिला विशेष लोकल धावली तेव्हा हजारो नोकरदार बायकांनी मोकळा श्वास घेतला. पण सुरक्षिततेचा प्रश्न डब्याच्या दारात सुरू होत नाही. ओसाड वसाहतीत घर देणे, रात्री नऊनंतर बस बंद करणे, स्थानकापासूनचा रस्ता फेरीवाल्या बायकांना हटवून निर्मनुष्य करणे, हे सारे निर्णय जमीन वापराचे आहेत आणि तिथूनच भीती तयार होते. कॅमेरा लावून ती जात नाही.

दुसरा : हा तज्ज्ञांचा विषय आहे. बचतगटाचे हिशेब ठेवणाऱ्या, सातबारा वाचायला शिकलेल्या, कुटुंब न्यायालयाचे अर्ज लिहिणाऱ्या बायकांना आराखडा वाचता येणार नाही? मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याच्या वेळी स्त्री संघटनांनी एकत्र येऊन सूचना मांडल्या. नोकरदार स्त्रियांची वसतिगृहे, पाळणाघरे, आधार केंद्रे यांच्यासाठी जागांचा विचार आराखड्यात आला. शहराच्या पातळीवर जे जमले ते प्रदेशाच्या पातळीवर का जमू नये?

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : निवडून आलेल्यांच्या समित्या भांडतात, कंत्राटदारांच्या खिशात असतात, नगरसेविकेच्या खुर्चीत तिचा नवरा बसतो. त्यापेक्षा एकच सक्षम प्राधिकरण बरे. यात तथ्य नाही असे नाही. पण सक्षम प्राधिकरणाने आपल्याला काय दिले ते वर पाहिलेच. पूल वेळेवर झाला, बस आली नाही. अधिकाऱ्यांच्या हातात सगळी सत्ता एकत्र आली की समन्वय होतो तो सत्तेचा, लोकांच्या गरजांचा नव्हे. आणि पंचायतीत पहिल्यांदा निवडून आलेल्या बायकांबद्दलही हेच म्हटले जात होते. प्रशिक्षण, पाठबळ आणि बाहेरून संघटनेचा धाक मिळाला तेव्हा त्याच बायकांनी पाणी, दारूबंदी, रेशन यांवर गावे हलवली.

निवडून आलेल्यांची समिती असली म्हणजे काम झाले, असेही नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसची वाहतूक चालवणाऱ्या संस्थेचे मंडळ तिथल्या जिल्ह्याच्या आणि शहरांच्या प्रतिनिधींचेच आहे. तरी तिथे उपनगरांसाठी रेल्वेवर पैसा ओतला जात होता, आणि मोलकरणी, सफाई कामगार, काळे आणि लॅटिनो गरीब ज्या बसने जात ती बस खचाखच भरलेली असे. १९९४ साली भाडेवाढ करून मासिक पास बंद करण्याचा घाट घातला गेला. तेव्हा बसप्रवाशांच्या संघटनेने वंशभेदाचा मुद्दा घेऊन न्यायालय गाठले, आणि १९९६ साली तडजोडीचा हुकूमनामा मिळवला. त्याने दहा वर्षांसाठी पासचे दर आणि बसमधली गर्दी यांवर संस्थेला बांधून घातले. बस हा मोर्चाचा विषय होऊ शकतो, न्यायालयाचाही होऊ शकतो. समितीच्या आत आपली माणसे आणि बाहेर आपली संघटना, दोन्ही लागतात.

आपल्या मागण्या

जानेवारी २०२६ च्या निवडणुकांनंतर सभागृहे पुन्हा भरली आहेत. हीच वेळ आहे. प्रत्येक गटाने आपल्या महापालिकेतल्या नगरसेविकांना, पंचायतीतल्या अध्यक्षांना गाठून पुढच्या मागण्या मांडाव्यात :

१. महानगर नियोजन समिती पूर्ण भरा. घटनेच्या कलमात स्त्रियांसाठी जागा राखीव नाहीत, म्हणून राज्याच्या कायद्यात दुरुस्ती करून निम्म्या निवडून आलेल्या जागा स्त्रियांना द्या. समितीला स्वतःचे तज्ज्ञ आणि स्वतःचा निधी द्या. बैठकीचे इतिवृत्त मराठीत प्रसिद्ध करा.

२. वाहतुकीच्या प्रत्येक पाहणीत घरातल्या बाईला स्वतंत्रपणे प्रश्न विचारा. 'इतर' हा रकाना मोडा. काळजीवाहू कामासाठीच्या फेऱ्या, पायी फेऱ्या आणि दुपारच्या फेऱ्या वेगळ्या मोजा.

३. बस सुरू झाल्याशिवाय पुनर्वसनाची किल्ली नाही. शाळा, दवाखाना, रेशन दुकान आणि नियमित बस असल्याचा दाखला स्थानिक स्त्रियांच्या समितीने दिल्याशिवाय कोणालाही हलवू नये. बाईचे गेलेले काम हे नुकसान म्हणून मोजावे आणि भरून द्यावे.

४. मेट्रोलगत वाढीव चटईक्षेत्र विकून येणाऱ्या पैशातला ठरावीक वाटा बससेवेला द्या, आणि त्या पट्ट्यात भाड्याची स्वस्त घरे सक्तीची करा.

५. सगळ्या परिवहन उपक्रमांत हद्द ओलांडली तरी एकच तिकीट, एकच पास. राज्य परिवहनच्या बसमध्ये मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्मे भाडे आहे. तीच सवलत प्रदेशातल्या प्रत्येक शहर बसमध्ये द्या.

६. नव्या नगरासाठी जाणाऱ्या जमिनीचा मोबदला आणि भूखंड पती-पत्नीच्या संयुक्त नावावर. ज्यांच्या नावावर जमीन नाही पण जमिनीवर किंवा खाडीवर पोट आहे, त्या बायकांचा वेगळा विचार.

काम कुठून सुरू करायचे? वस्तीतल्या दहा बायकांचा एक दिवस कागदावर मांडा : किती वाजता निघाल्या, कुठे थांबल्या, किती चालल्या, किती भाडे दिले, कोणते काम राहून गेले. वस्तीच्या नकाशावर ते रेघांनी काढा. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती आणि सूचनांसाठी मुदत असते. त्या मुदतीत हा नकाशा अर्जाला जोडा, सुनावणी मागा, सुनावणीला दहाच्या दहा जणी जा. एका वस्तीचा नकाशा फाईलमध्ये दबतो. नऊ महापालिकांतल्या वस्त्यांचे नकाशे एकत्र आले तर तो आपला प्रादेशिक आराखडा होईल, आणि तो शासनाच्या आराखड्याशेजारी ठेवून विचारता येईल : यातला कोणता माणसांसाठी आहे?

इतकी वर्षे समन्वय बायकांनी केला, आपल्या पायांनी आणि आपल्या झोपेच्या मोबदल्यात. आता तो शासनाने करावा, आणि कसा करायचा ते ठरवताना आपण त्या टेबलाशी बसलेल्या असू.